मुंबई पायी पाहायची तर: वार, तिथी आणि वस्ती बघून आखलेले तीन दिवस

पुण्या-नाशकाहून, कोल्हापूर-सोलापूरहून किंवा विदर्भातून मुंबई बघायला येणारी बरीच कुटुंबं सकाळी गाडी ठरवतात आणि गेटवे, म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, जुहू ही यादी संध्याकाळपर्यंत उरकतात. त्यातला निम्मा वेळ सिग्नलला उभं राहण्यात जातो आणि शहर काचेतूनच दिसतं. मी पाहुण्यांना एवढंच सांगते की अर्ध्या दिवसाला एकच वस्ती घ्या, ती पायी हिंडा, आणि एका वस्तीतून दुसरीत जायला लोकल किंवा मेट्रो धरा. मुंबई मुळात सात बेटांची. भर घालून ती जोडली गेली, तरी प्रत्येक भागाची चाल, भाषा, देवळं आणि खाणं अजून वेगळं आहे. ते चालल्याशिवाय कळत नाही.

खाली दिलेला आराखडा शुक्रवार, शनिवार, रविवार असा आहे. वार मुद्दाम तसे निवडलेत.

आधी कॅलेंडर उघडा

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. रविवारी फोर्टातल्या कचेऱ्या बंद असतात, त्यामुळे एरवी मान वर करायला फुरसत न देणाऱ्या रस्त्यांवर मधोमध उभं राहून इमारती बघता येतात. मात्र रविवारीच रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा कमी. कोणत्या मार्गावर, किती ते किती, हे आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर बघून घ्या. म्हणून रविवारची सकाळ चालण्यासाठी ठेवावी, गाडीवर अवलंबून ठेवू नये.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर उन्हापेक्षाही दमटपणा माणसाला थकवतो. पावसाळ्यात समुद्र सगळ्यात देखणा असतो, पण त्या महिन्यांत घारापुरीच्या लाँच कधी बंद राहतील याचा भरवसा नाही, आणि मोठ्या भरतीच्या दिवशी किनाऱ्यावर जाणं धोक्याचं. महापालिका पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते, ती बघूनच तारीख धरा.

भरती-ओहोटीचं गणित बहुतेक प्रवासी करत नाहीत. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसातून दोनदा भरती येते, त्यामुळे हीच वेळ सकाळची आणि संध्याकाळची किंवा दुपारची आणि रात्रीची धरावी. ओहोटी साधारण सहा तासांनी. हा हिशेब अंदाजाचा आहे, नेमकी वेळ मोबाइलवर मिळते. पण कालनिर्णय बघून सहल ठरवणाऱ्याला हाजी अलीला कधी जावं आणि चौपाटीवर वाळू कधी रुंद मिळेल, हे घरबसल्या समजतं.

राहणं आणि फिरणं

तिन्ही दिवस शहरातच आहेत, त्यामुळे दादर किंवा ग्रँट रोड या भागात खोली घेतली तर सोयीचं पडतं. दादरला पश्चिम आणि मध्य हे दोन्ही रेल्वेमार्ग भेटतात. लोकलला सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उत्तरेकडे जाऊ नका. उलट्या दिशेची गाडी त्याच वेळी बऱ्यापैकी मोकळी असते. एक, तीन आणि पाच दिवसांचा पर्यटक पास मिळतो, तो घेतला की दर वेळी खिडकीपुढे रांग नको. बायकांसाठी वेगळे डबे आहेत. सोबत लहान मूल किंवा सामान असेल तर गर्दीच्या वेळी फलाटावर एखादी गाडी सोडून द्यायला कचरू नका.

मेट्रो ३ आता आरे ते कफ परेड पूर्ण धावते आणि गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक अशा थेट वस्तीच्या पोटात तिची स्थानकं आहेत. ज्येष्ठांसाठी हा फार मोठा आधार झाला आहे. रिक्षा मात्र माहीम आणि शीवच्या दक्षिणेला चालत नाहीत. तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस.

शुक्रवार: आधी घारापुरी, मग भायखळा

सकाळी नऊच्या सुमाराला गेटवेवरून पहिल्या लाँच सुटतात. शक्य तेवढी लवकरची धरा. तासाभराचा प्रवास आहे. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि शेवटपर्यंत अंगावर ठेवा. डावीकडे गोदी, उजवीकडे उघडा समुद्र, नांगरून पडलेली जहाजं. मुंबई आधी बंदर आहे, हे पटायला हा तास पुरेसा आहे. बेटावर उतरल्यावर धक्क्यावरून छोटी रेल्वे आहे, पुढे शंभर-सव्वाशे पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते, भाव आधी ठरवावा. खाऊची पिशवी हातात लोंबकळती ठेवू नका, माकडं ओढतात.

मोठ्या लेण्यात शिरल्या शिरल्या महेशमूर्तीकडे धावू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन-चार मिनिटं द्या. साधारण सहाव्या शतकातलं हे काम. मधला चेहरा शांत, मिटल्या डोळ्यांचा. आपल्या डावीकडचा उग्र, मिशा असलेला भैरव. उजवीकडचा कोवळा, हातात कमळ घेतलेला. तिघांचे ओठ एकामागून एक बघा. एकाच दगडातून इतके वेगळे स्वभाव काढणाऱ्या कारागिरांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, याची मला दर वेळी हळहळ वाटते. मग कल्याणसुंदराचा, म्हणजे शिव-पार्वतीच्या लग्नाचा देखावा शोधा. पार्वतीची किंचित झुकलेली मान चुकवू नका. अर्धनारीश्वर आणि गंगाधर महेशमूर्तीच्या दोन बाजूंना आहेत. मूर्तींची खूप मोडतोड झाली आहे, तरीही. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

दीड वाजेपर्यंत परत गेटवेवर. तिथे आता रेंगाळू नका, रविवारी इथेच यायचं आहे. टॅक्सीने सीएसएमटी, तिथून स्लो लोकलने तिसरं स्थानक भायखळा.

भायखळा मी मुद्दाम त्याच दिवशी ठेवते. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं ते तिथल्या धक्क्याजवळच्या दगडी हत्तीवरून. हा हत्ती इंग्रजांनी विलायतेला न्यायचा प्रयत्न केला, तो उचलताना फुटला, आणि पुढे तुकडे सांधून तो भायखळ्यात उभा केला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो अजून आहे. सकाळी बेट, दुपारी त्याला नाव देणारा हत्ती! तिथल्या बागेतच काळा घोडाही आहे: सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा अश्वारूढ पुतळा. फोर्टातल्या चौकातून १९६५ मध्ये तो इथे हलवला, चौकाचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं. संग्रहालय १८७२ चं, आतून सोनेरी-हिरवं, आणि मुंबईतल्या जुन्या पोशाखांच्या, धंद्यांच्या, घरांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृतींनी भरलेलं. मुलांना ते कोणत्याही मोठ्या संग्रहालयापेक्षा जास्त आवडतं. चारच्या आत पोचा.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. चर्चगेटला उतरून समुद्राकडे चालत जा आणि कठड्याच्या कडेने गिरगाव चौपाटीच्या दिशेने निघा. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला १९३०-४० च्या दशकांतल्या गोल कोपऱ्यांच्या, सज्ज्यांच्या आर्ट डेको इमारतींची रांग. दिवे लागेपर्यंत थांबा. खालच्या सिमेंटच्या टेट्रापॉडवर उतरू नका; ते निसरडे असतात आणि लाट सांगून येत नाही.

शनिवार: गिरगाव, मग मलबार हिल

गिरगावला सकाळी आठपर्यंत पोचावं. मेट्रोचं गिरगाव स्थानक किंवा पश्चिम रेल्वेचं चर्नी रोड. माझ्या मते मराठी माणसाने मुंबईत एकच वस्ती बघायची तर ही. ठाकूरद्वार, फणसवाडी, मुगभाट, खाडिलकर रोड अशा गल्ल्यांतून वाट काढत हिंडा. लाकडी जिने, सामायिक गॅलऱ्या, दारातल्या तुळशी. नवे मनोरे उभे राहताहेत आणि चाळी झपाट्याने कमी होताहेत, म्हणून हे पुढच्या खेपेला बघू असं म्हणू नका. खाडिलकर रोडवरच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे. मुंबईतला तो सगळ्यात जुना. गुढीपाडव्याला यायचं जमलं तर इथली शोभायात्रा बघाच. चाळींच्या आवारात शिरताना कुणाला तरी विचारावं. लोक आपुलकीने दाखवतात, पण ती त्यांची घरं आहेत.

तिथून पाच-दहा मिनिटांवर खोताची वाडी. गिरगावच्या मधोमध ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांची बुटकी, कौलारू, रंगीत घरं, पुढे लाकडी व्हरांडे, एका कोपऱ्यावर क्रूस. बाहेरचा आवाज इथे अचानक कमी होतो. घरांच्या खिडक्यांतून आत फोटो काढू नका. पर्यटकांच्या या सवयीने रहिवासी त्रासले आहेत. नाश्त्याला गिरगावात मिसळ खा, कुठल्याही जुन्या मराठी खाणावळीत बरी मिळते. चहा-ब्रून मस्क्यासाठी धोबीतलावापर्यंत चालायची तयारी असेल तर १९०४ पासून चालू असलेलं कयानी हे इराण्याचं हॉटेल आहे.

ऊन चढायच्या आत गिरगाव चौपाटी ओलांडा. लोकमान्य टिळकांवर १९२० मध्ये अंत्यसंस्कार झाले ते याच वाळूवर. त्यांचा पुतळा तिथे आहे. पाण्यात उतरण्यासारखा हा किनारा नाही. पुढे गावदेवीत लॅबर्नम रोडवर मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. वरच्या मजल्यावर त्यांची खोली जपली आहे. शांत, सावलीचा रस्ता, प्रवेश मोफत. तासभर सहज जातो.

जेवून, थोडं टेकून, चारनंतर टॅक्सीने मलबार हिल. चढ मोठा आहे, चालत जायचा हट्ट नको. हँगिंग गार्डन जलाशयाच्या छतावर केलं आहे. समोरच्या कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट मुलांसाठी, आणि मोठ्यांसाठी तिथून दिसणारं मरीन ड्राइव्हचं वळण. जवळच झाडांमधून जाणारी उन्नत पायवाट २०२५ मध्ये खुली झाली. तिची वेळ ऑनलाइन आधी घ्यावी लागते, शनिवार-रविवारी लवकर भरते.

हे सगळं तासाभरात आवरा, कारण खरी संध्याकाळ बाणगंगेवर घालवायची आहे. राजभवनाच्या बाजूला, वाळकेश्वरच्या उंच इमारतींमध्ये, पायऱ्या उतरून गेलं की एकदम तळं. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, दीपमाळा, भोवती लहान देवळं आणि मठ, पाण्यात बदकं. तळं शिलाहारांच्या काळातलं, ११२७ मधलं मानतात. सीतेच्या शोधात आलेल्या रामाला तहान लागली आणि बाण मारून पाणी काढलं, ही कथा आपल्याला माहीत असते; इथे आल्यावर नवल याचं वाटतं की समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही झऱ्याचं पाणी गोडं आहे. तळ्याभोवती प्रदक्षिणा घाला, मग एखाद्या पायरीवर नुसते बसा. कार्तिकी पौर्णिमेला इथे मोठी आरती होते, पण त्या दिवशी गर्दीची तयारी ठेवा. मुंबईत पहिल्यांदा येणाऱ्याला मी गेटवे चुकवू देईन, बाणगंगा नाही.

रविवार: फोर्ट सकाळी, वांद्रं संध्याकाळी

सकाळी सात वाजता सीएसएमटीच्या समोर. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेलं हे स्थानक १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधलं जात होतं. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत: सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. घुमटावर प्रगतीची मूर्ती. भिंतींवरचे मोर, माकडं, पानं-फुलं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी कोरली आहेत; त्यातलं प्रत्येक चित्र वेगळं आहे, म्हणून जवळ जाऊन बघा. आत तिकीटघरातही जा आणि छताकडे बघा. १८५३ मध्ये १६ एप्रिलला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली ती याच परिसरातल्या बोरीबंदरहून. समोरची महापालिकाही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची.

दादाभाई नौरोजी रोडने, कमानींखालच्या सावलीच्या पदपथावरून, सरळ हुतात्मा चौकात या. इथलं फ्लोरा फाउंटन हे कारंजं १८६४ चं. त्याआधी इथे कोटाचा चर्च गेट हा दरवाजा होता. १८६० च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, नाव दूरच्या रेल्वे स्थानकाला राहिलं. ज्या चर्चचा तो दरवाजा, ते सेंट थॉमस कॅथीड्रल (१७१८) दोन-तीन मिनिटांवर आहे. शहरातली मैलांची अंतरं इथून मोजत. कारंज्याशेजारी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं संयुक्त महाराष्ट्राचं स्मारक. इथे थांबावं, मुलांना ते कशासाठी आहे हे सांगावं. मुंबई महाराष्ट्रात आहे ती या चौकातल्या रक्तामुळे.

कॅथीड्रलवरून हॉर्निमन सर्कलची बाग आणि एशियाटिक सोसायटीचा १८३३ चा टाउन हॉल. त्याच्या पायऱ्यांवर रविवारी सकाळी फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते, मी तिथे फार थांबत नाही. परत फिरून विद्यापीठाच्या दिशेने ओव्हल मैदानात शिरा आणि मधल्या पायवाटेवर उभे राहा. पूर्वेला उच्च न्यायालय आणि ८५ मीटर उंच राजाबाई टॉवर: एकोणिसाव्या शतकातली, टोकदार, दगडी मुंबई. पश्चिमेला विसाव्या शतकातली आर्ट डेको घरं. या दोन शैलींच्या जोडगोळीला २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव द्यायला लावलं. भोवती पाच-सात क्रिकेटचे सामने एकदम चालू असतील, चेंडू सांभाळा.

मग काळा घोडा. २०१७ पासून इथे स्वाराविना नवा घोडा उभा आहे. स्वारासह मूळचा तुम्ही शुक्रवारी पाहिला. निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, डेव्हिड ससून ग्रंथालय, जहांगीर कलादालन हे सगळं शंभर-दोनशे पावलांत आहे. जहांगीरमध्ये प्रवेश मोफत असतो. पावणेअकराच्या आसपास छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. ते सव्वादहाला उघडतं. सगळं बघायचा अट्टहास नको. शिल्पदालनात घारापुरीहून आणलेल्या मूर्ती आहेत, त्या आधी बघा, मग वरची लघुचित्रं. घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आहे. आर्किटेक्ट जॉर्ज विटेट, गेटवेचाही तोच.

गेटवे शेवटी. पंचम जॉर्ज १९११ मध्ये उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच, ती त्याच्या आगमनाच्या स्मरणार्थ पुढे बांधून १९२४ मध्ये खुली झाली. शेजारचा ताज तिच्याहून जुना, १९०३ चा. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिशांची शेवटची तुकडी याच कमानीतून जहाजावर चढली. हे माहीत असलं की इतक्या गर्दीतही कमान वेगळी दिसते.

दुपारी विश्रांती. चारच्या पुढे चर्चगेटहून वांद्रं, बाहेरून रिक्षाने माउंट मेरी. चर्च बघून पायऱ्यांनी बँडस्टँडवर उतरा आणि डावीकडे किल्ल्यापर्यंत चालत जा. पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेली ही चौकी. आता थोडा तट आणि फाटक उरलंय, पण वरून सी लिंक अख्खा दिसतो. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास, मेमध्ये सातनंतर. वेळ असेल तर वारोडा रोडवर रनवार या जुन्या गावठाणात फिरून या. माउंट मेरीची जत्रा सप्टेंबरात असते. त्या आठवड्यात वांद्रं टाळा किंवा जत्रेसाठीच या.

हाजी अली आणि दादर कुठे बसवायचं

हाजी अलीचा दर्गा तिथीवर ठरवा. मोठ्या भरतीला त्याची पायवाट पाण्याखाली जाते. अष्टमीच्या आसपास आलात तर दुपारी बारा ही ओहोटीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाच-साडेपाच. गुरुवार-शुक्रवारी गर्दी जास्त. महालक्ष्मीचं देऊळ तिथून चालण्याच्या अंतरावर आहे, दोन्ही एकत्र करावं.

दादरचा फुलबाजार पहाटे पाचला जोरात असतो, स्थानकाच्या पश्चिमेला. दादरला उतरला असाल तर एका दिवशी लवकर उठून जा, मग शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेरी मारून चैत्यभूमीला. बाबासाहेबांवर इथे ७ डिसेंबर १९५६ रोजी अंत्यसंस्कार झाले. ६ डिसेंबरच्या आसपास देशभरातून लाखो माणसं येतात, त्या दिवसांत दर्शनासाठीच यावं, सहलीसाठी नाही. हिंदू कॉलनीत राजगृह आहे, त्यांनी पुस्तकांसाठी बांधून घेतलेलं घर.

एकच दिवस हाताशी असेल, तर रविवारची फोर्टातली सकाळ आणि शनिवारची गिरगाव-बाणगंगेची दुपार-संध्याकाळ जोडा. दोन दिवस असतील तर घारापुरी घ्या आणि वांद्रं सोडा. लहान मुलं सोबत असतील तर उलट करा: लाँच आणि राणीची बाग ठेवा, फोर्टातली चाल अर्धी करा. जुहू तिन्ही आराखड्यांत नाही. वाळू आणि भेळ गिरगाव चौपाटीवरही मिळते, आणि जाण्या-येण्याचे दोन-तीन तास वाचतात.